पट्ट्यांपुढचे दिवे

एकतीस वर्षांत अच्युतबुवा हेरवाडकरांनी माझ्या वडिलांचं नाव एकदाही स्टेजवरून घेतलं नाही. तबलजीचं घ्यायचे, तबलजीच्या गुरूचं घ्यायचे, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचं घ्यायचे, एकदा तर आयोजकांच्या सासऱ्यांचंसुद्धा घेतलं होतं. पेटीपाशी आले की म्हणायचे, "आणि पेटीवर आपले नेहमीचेच." लोक हसायचे. आप्पाही हसायचे. मी पहिल्या रांगेत बसून दात आवळायची.

नेहमीच्यांचं नाव श्रीधर कोपार्डे, राहणार मिरज. मी त्यांची एकुलती एक मुलगी, अनुजा. बुवांबद्दल माझं मत चांगलं नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला विचारायला नको. आईला दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशी बुवांची सोलापूरला मैफल होती. "आलंच पाहिजे असं नाही," बुवा फोनवर म्हणाले, "दुसरा बघतो." त्या एका वाक्यावर आप्पा सोलापूरला गेले. परत आले तेव्हा आई गेलेली होती.

आप्पांना मी तेव्हाच विचारलं होतं, का गेलात म्हणून. ते म्हणाले, "साथीदारानं हात उचलायचा नसतो गं. गवई अडला, विसरला, खोकला, तरी आपला हात पट्टीवर पाहिजे. त्याच्या खाली सूर धरून ठेवायचा. हात उचलला की तो पडला." यात माझ्या आईचा काही संबंध होता का? पण आप्पांच्या डोक्यात सगळ्या गोष्टींना हा एकच नियम लागू होता.

२०३८च्या सुमारास आप्पांची बोटं सुजायला लागली. सांध्यांचा आजार. आधी मधलं बोट, मग सगळीच. बोट उचलायला काही वाटत नसे, पण पट्टी दाबताना कळ यायची आणि सूर उशिरा उमटायचा. साथीदारानं गवयाच्या किंचित मागे असायचं असतं, पण किंचित म्हणजे किंचित. आप्पा आता चांगलेच मागे पडायला लागले होते.

बुवांनी घरी बोलावून सांगितलं, "श्रीधर, सहा महिने बघतो. नाही जमलं तर घरी बस आणि नातवंडं खेळव."

"नातवंडं नाहीत मला, बुवा," आप्पा म्हणाले.

"मग नुसता बस."

आप्पांनी हे मला हसत हसत सांगितलं, आणि मग भाकरी मोडता मोडता रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. त्या क्षणी मी ठरवलं की ही जागा मी त्यांच्याकडून जाऊ देणार नाही. बुवांच्या डाव्या हाताची ती दोन फूट सतरंजी, तेवढंच त्यांचं जगात काही होतं.

आणि वाद्यं बनवणं हे तर मुळी माझं कामच होतं.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी सिंथेसायझर बनवायची. ॲनालॉग, म्हणजे आतमध्ये ध्वनिमुद्रणं भरलेली नाहीत. खऱ्याखुऱ्या विजेच्या लहरी तयार होतात, त्या गाळणीतून जातात आणि सूर बनून बाहेर पडतात. पेटीतले पितळी सूर, म्हणजे रीड, बनवणारे कारागीर एकेक करून संपले होते, नवी पेटी मिळणं मुश्कील झालं होतं, त्यामुळे आमच्या यंत्राला एकदम मागणी आली. गंमत म्हणजे पेटीची जी खोड गवयांना शंभर वर्षं खुपत होती, ती यात नव्हती. पेटीच्या सुरांच्या मधल्या जागा मिळत नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. विजेच्या लहरीला कुठेही नेता येतं.

यंत्रात आठ आवाज होते. म्हणजे एकेका सुरासाठी लागणारी संपूर्ण यंत्रणा एका पाटीवर, अशा आठ पाट्या. वाजवणाऱ्यापुढे पट्ट्या मात्र सदतीस. कुठली पट्टी दाबली की कुठल्या पाटीनं गायचं, हे ठरवणं माझं काम. पट्ट्यांच्या खालचं सर्किट सेकंदाला हजार वेळा सगळ्या पट्ट्यांवरून फिरतं, कुठली दाबली गेलीय ते बघतं आणि मोकळी पाटी तिला देतं. आठही पाट्या गुंतलेल्या असताना नववी पट्टी दाबली तर काय करायचं? जगभर एकच रीत आहे. जो सूर सगळ्यात आधीपासून वाजतोय त्याचा गळा दाबायचा आणि त्याची पाटी नव्याला द्यायची.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते दचकले. "आणि सा धरून ठेवलेला असंल तर? तो तर सगळ्यात जुना असणार."

मी नियम बदलला. सा ला हात लावायचा नाही, त्याच्यानंतरचा जुना बघायचा. असा बदल माझ्या डोक्यात कधी आला नसता. फडतरे साहेब, म्हणजे आमचे मालक, खूश झाले आणि त्यांनी आप्पांच्या मापाची खास पेटी बनवायला मला सहा महिने दिले.

मी भाता ठेवला. भात्यात हवा नव्हती, त्याच्या दाबावर आवाज लहानमोठा व्हायचा एवढंच. आप्पांचा डावा हात रिकामा राहिला असता तर ते वेडे झाले असते. आणि पट्ट्यांच्या बाबतीत मी ती गोष्ट केली जिच्याबद्दल मला पुढे बक्षीस मिळालं.

प्रत्येक पट्टीच्या पोटात मी तांब्याचा पातळ पत्रा बसवला. माणसाचं बोट अशा पत्र्याच्या जवळ आलं की त्यातला विजेचा साठा किंचित बदलतो. बोट दोन बोटं उंचीवर असतानाच पट्टीला कळतं की कोणीतरी येतंय. कुठून येतंय, किती वेगानं येतंय, यावरून ते कुठल्या पट्टीवर उतरणार हेही काढता येतं. आप्पांना त्रास दाबण्याचा होता, बोट नेण्याचा नव्हता. मग दाबायची वाटच कशाला बघायची? बोट यायला निघालं की सूर सुरू. किती आधी सुरू करायचा ते एका नॉबवर ठरायचं. त्याला आम्ही आघाडी म्हणायचो. शून्यावर ठेवलं तर साधी पेटी, पूर्ण फिरवलं तर बोटाची नुसती चाहूल लागली तरी सूर.

प्रदर्शनात लोकांना हे डोळ्यांनी दिसावं म्हणून फडतरे साहेबांनी प्रत्येक पट्टीपुढे तांदळाच्या दाण्याएवढा लाल दिवा बसवायला लावला. बोट जवळ आलं की दिवा लागायचा. प्रदर्शन झालं, दिवे तसेच राहिले. उजेडात ते दिसतही नसत.

शेवटी मी एक राखीव सोय केली. स्टेजवर पत्र्यांनी दगा दिला तर? म्हणून यंत्राला आप्पांचा हात शिकवला. चाचणीच्या पट्ट्यांवर सहा महिने टिपलेल्या त्यांच्या सगळ्या हालचाली आणि बुवांच्या जुन्या मैफलींतली त्यांची पेटी. मागचे चार-पाच सूर ऐकले की पुढे आप्पांचं बोट कुठे गेलं असतं ते यंत्र स्वतःच काढायचं, त्या पट्टीचा दिवा लावायचं आणि गवयाचा सूर माईकवरून आला की वाजवायचं. त्या कळीवर आम्ही 'स्मरण' असं लिहिलं. ती कळ आणि आघाडीचा नॉब माझ्यापुढच्या डब्यावर असायचे, आप्पांच्या हाताशी नाही. स्टेजवर कळा दाबायला लागले तर पेटी कोण वाजवणार?

आप्पा घरी नव्या पेटीवर बसले आणि अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. बोटांना कळ नाही, सूर जागच्या जागी. मी नॉब त्यांच्या बोटांच्या उशिराइतका पुढे नेऊन पक्का केला. आठवडाभर ते एकटेच वाजवत बसले. मी ऐकत होते, मोजत होते, सगळं बरोबर येत होतं.

बुवांबरोबर एकदा तालीम घ्या असं मी दोनदा सुचवलं. बुवा म्हणाले, "पेटीवाल्याबरोबर कसली तालीम?" यंत्र बघायला मात्र आले. आठ आवाजांची गोष्ट मी त्यांना समजावून सांगितली. सगळ्यात जुन्याला घालवायची रीत ऐकून त्यांनी आप्पांकडे बघितलं आणि म्हणाले, "शास्त्र बरोबर आहे."

आप्पा हसले.

सांगलीची मैफल सकाळची होती. हॉल भरलेला, मी बाजूच्या टेबलावर डबा घेऊन बसलेली. बुवांनी ओळखी करून दिल्या. तबल्याचं नाव झालं, तंबोऱ्यांची नावं झाली. मग म्हणाले, "आणि आज पेटी नवी आहे हं, कोल्हापूरची. तिचा खास उल्लेख करायला हवा. वाजवायला आपले नेहमीचेच."

लोक हसले. यंत्राला नाव मिळालं, माणसाला नाही.

बुवांनी जौनपुरी सुरू केला. दोन मिनिटांत मला कळलं की काहीतरी भयंकर चुकलंय. बुवा रिषभावरून मध्यमाकडे निघाले, आणि ते पोहोचायच्या आधी पेटीतून मध्यम आला. बुवा थबकले, पंचमाकडे वळले, पंचम आधीच वाजत होता.

आता लिहायला बसल्यावर ही चूक शेंबड्या पोरालाही कळेल अशी वाटते. एकटा वाजवताना माणूस बोट नेतो आणि दाबतो. साथ करताना तसं नसतं. एकतीस वर्षांच्या सवयीनं आप्पांचं बोट बुवांच्या सुराआधी पट्टीवर जाऊन पोहोचायचं आणि तिथे थांबायचं. बुवांच्या गळ्यातून सूर निघाला की मग ते दाबायचे. ते थांबणं हीच त्यांची कला. कोणाला कधी दिसली नाही, त्यांनाही धड सांगता आली नसती. मी घरी एकट्या माणसाचा हात मोजला होता, साथीदाराचा मोजलाच नव्हता. आणि माझी पट्टी थांबायला शिकलेली नव्हती.

बुवांनी आप्पांकडे डोळे वटारले. मग ते पळायला लागले. पळायला हाच शब्द. मध्येच एखादी जागा टाळायची, उलटी तान घ्यायची, अर्ध्यावरून मागे फिरायचं. हे सगळं म्हणजे त्यांची ती सुप्रसिद्ध उपज, ऐन वेळी सुचणारी. आणि दर वेळी पेटी त्यांच्या आधी तिथे हजर. पहिल्या रांगेतला एक म्हातारा खुदकन हसला. मग मागून हसू आलं. कॉलेजची पोरं फोन वर धरून चित्रण करायला लागली.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात पट्टीवरच होता. गवई अडलाय, म्हणजे त्याच्या खाली सूर धरायचा. ते बुवांना सावरायला जात होते, आणि जितके सावरायला जात होते तितके आधी पोहोचत होते.

आघाडीचा नॉब माझ्या बोटाखाली होता. शून्यावर न्यायला अर्धा सेकंद लागला असता. मी तो पहिल्या दोन मिनिटांतच फिरवू शकले असते.

मी फिरवला नाही. मला आईचा दवाखान्यातला पलंग आठवत होता. "दुसरा बघतो" आठवत होतं. बुवांच्या कपाळावर घाम आला तेव्हा मला आनंद झाला, अगदी पोटातून आनंद झाला. मी तो बराच वेळ, नीट, चवीनं घेतला. बावीस मिनिटं.

बुवांचा आवाज फाटला आणि ते थांबले. माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "पुढचं हेच गातील. यांना सगळं येतं." उठले आणि गेले.

त्या बावीस मिनिटांचं चित्रण महिनाभर सगळ्यांच्या फोनवर फिरलं. लोकांनी त्याचा खेळच केला, बुवा पुढे कुठे जाणार ते पेटीवरून ओळखा. आमच्या कंपनीकडे चौकशांचा पाऊस पडला. बुवांनी गाणं बंद केलं, घराबाहेर पडणंही बंद केलं. आप्पांचा फोन त्यांनी एकदाही उचलला नाही.

"त्यांना वाटतंय मी मुद्दाम केलं," आप्पा म्हणायचे. "सूड घेतला म्हणून."

"वाटू दे."

"असं कसं वाटू दे? अनू, ते आघाडीचं बटण तुझ्यापाशी होतं न्हवं?"

"अडकलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, इतका त्यांचा विश्वास बसला. "मग तेवढं दुरुस्त करून ठेव बाई," म्हणाले आणि पुन्हा बुवांचा नंबर लावायला लागले.

चार महिने असे गेले. जागा राखायला मी यंत्र बनवलं, आणि आता बुवाच गात नसल्यामुळे डावी-उजवी कुठलीच जागा उरली नव्हती. आप्पा पेटीपुढे बसायचे आणि काही वाजवायचे नाहीत. मी एकदा म्हणाले, एकटेच वाजवा की. तर म्हणाले, "काय वाजवू? पुढं कोण नाही."

मग एके दुपारी बुवाच दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात काठी. मला वाटलं शिव्या देतील. ते आत आले आणि आप्पांच्या समोर सतरंजीवर बसले.

"श्रीधर, मला एकच सांग. मी काय गाणार ते तुला खरंच ठाऊक असतं?"

"न्हाई बुवा. यंत्रानं घोळ केला. तुमच्या मनातलं मला कसं कळंल?"

"मग वाजव माझ्यामागे. मला बघू दे. तू मागे राहिलास तर मी पुन्हा गाईन, आणि तू पुन्हा माझ्या शेजारी."

आप्पा पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले आणि माझा हात धरला. "शून्यावर ठेव गं. पाया पडतो तुझ्या."

मी नॉब शून्यावर नेला. या वेळी पटकन नेला.

ऊन येत होतं म्हणून मी खोलीचे पडदे ओढून घेतले. त्या क्षणी आप्पांच्या म्हाताऱ्या गवयाची काळजी घेतल्यासारखं मला वाटलं होतं. बुवांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि मुलतानी सुरू केला. पेटी मागून आली, थोडी अडखळत, पण मागून. बुवांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सुटल्या. दहा मिनिटं झाली. ते गाता गाता हसायला लागले. आप्पांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर माझेही.

बुवा आयुष्यभर डोळे मिटून गायले. त्या दुपारी त्यांनी आनंदानं आप्पांकडे बघायला म्हणून डोळे उघडले.

खोलीत अंधार होता आणि ते आप्पांच्या अगदी समोर बसले होते. पट्ट्यांपुढे लाल दिवे लागत होते. दिव्यांचा आघाडीच्या नॉबशी काही संबंध नव्हता. बोट जवळ आलं की दिवा, एवढंच त्यांना ठाऊक. बुवा पंचमावर होते आणि कोमल गंधाराचा दिवा लागलेला होता. बुवा गंधारावर आले. तोवर षड्जाचा दिवा लागला.

मी पुढे होऊन दिव्यांची तार उपटू शकत नव्हते, आणि पडदा उघडायला उठले तोवर उशीर झाला होता. बुवांनी एक तान अर्ध्यात मोडून वर झेप घेतली. दिवा आधीच वर गेलेला होता. आप्पांना दिवे दिसत नव्हते, ते बुवांच्या ओठांकडे बघत होते.

बुवा थांबले नाहीत. ते गातच राहिले, नजर दिव्यांवर ठेवून. आणि मग मला दिसलं की ते थोडे मंदावलेत. दिवा लागेपर्यंत थांबायचे, मग त्या सुरावर जायचे. आधी परीक्षा घेतल्यासारखे, मग खुशीत. पाच मिनिटांत त्यांनी स्वतः विचार करणं सोडून दिलं होतं. आजारी माणसाला उशी मिळावी तसे ते त्या दिव्यांवर रेलले.

गाणं संपल्यावर बुवा म्हणाले, "पुढच्या महिन्यात कोल्हापूरला गातो. पोरी, पेटी माझ्यासमोर ठेवायची, आणि हे दिवे जरा मोठे करून माझ्या बाजूला लाव."

"दिवे कशाला, बुवा?" आप्पांनी विचारलं.

"बघायला बरे वाटतात."

आप्पा त्या दिवशी गल्लीत पेढे वाटून आले. मी त्यांना काय सांगणार होते? जागा परत मिळाली होती. मी नवे दिवे बसवले.

कोल्हापूरचा कार्यक्रम दुपारी चारचा. बुवा परत गाणार म्हणून जागा नव्हती हॉलमध्ये. पेटीच्या मागच्या अंगाला मी दिव्यांची लांब पट्टी लावली होती. लोकांना वाटलं, चीजेचे शब्द दिसायची काहीतरी सोय असेल. बुवा डोळे उघडे ठेवून गायला बसले. आघाडी शून्यावर होती. मुलतानी सुरू झाला आणि दाद यायला लागली. बुवा पूर्वीसारखे झालेत, शेजारच्या बाई म्हणाल्या, अगदी पूर्वीसारखे.

आप्पांना वीस मिनिटं लागली कळायला. त्यांनी एकदा बुवांच्या नजरेचा माग काढला, वाकून पेटीच्या मागे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे मान घातली.

साथीदाराचं बोट पुढे जायला काहीतरी लागतं. गवयाचा श्वास, मानेचा हेलकावा, सुराचा कल. बुवांनी ते सगळं देणं बंद केलं होतं. ते नुसते दिव्याची वाट बघत होते. आप्पांचं बोट पट्ट्यांच्या वर अधांतरी थांबलं, कारण पुढे जाणारं कोणीच नव्हतं. बोट जाईना म्हणून दिवा लागेना. दिवा लागेना म्हणून बुवा गाईनात.

तंबोरे चालू होते. तबलजीनं एक आवर्तन तसंच काढलं, मग दुसरं. त्यानं आधी बुवांकडे बघितलं, मग आप्पांकडे. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत बसले होते, आणि दोघेही वाट बघत होते. "वा! काय विराम घेतलाय," कोणीतरी पुटपुटलं. तिसरं आवर्तन सुरू झालं. बुवांच्या कपाळावर पुन्हा तोच घाम आला, पण या वेळी मला आनंद झाला नाही. सगळं आत्ता, सगळ्यांच्या देखत कोसळणार होतं, आणि त्याबरोबर आप्पांची जागाही.

मी स्मरणाची कळ दाबली.

तीव्र मध्यमाचा दिवा लागला. बुवांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तिथे गेले. पेटी मागून आली, बरोब्बर मागे, आप्पांच्या ऐन भरातल्या दिवसांत असायची तितकीच. पंचमाचा दिवा. पंचम. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. ती मध्यमाच्या जवळपासही नव्हती. त्यांनी हात किंचित बाजूला नेला, जणू खात्री करत होते. पेटी वाजतच राहिली. भाता सोडून दिला, तरी आवाज कमी झाला नाही. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

काही झालं नाही. कोणी पडलं नाही. गाणं पुढे चाळीस मिनिटं चाललं, आणि ते उत्तम झालं. बुवांची नजर दिव्यांवर होती आणि लोकांची बुवांवर, त्यामुळे मांडीवरचे हात माझ्याशिवाय कोणालाही दिसले नाहीत. मी कळ सोडू शकले असते. सोडली असती तर शांतता पडली असती, म्हणून मी ती सोडली नाही.

शेवटी सगळा हॉल उभा राहिला. बुवांनी हात जोडले, तंबोऱ्यांची नावं घेतली, तबल्याचं घेतलं. मग ते थांबले. ते आप्पांकडे पूर्ण वळले, आणि ते नाटक नव्हतं.

"आणि ज्यांच्यामुळे मी आज पुन्हा गाऊ शकलो," बुवा म्हणाले, "ज्यांचं नाव घ्यायचं माझ्याकडून एकतीस वर्षं राहून गेलं. पेटीवर, श्रीधर कोपार्डे."

टाळ्या थांबेनात. आप्पांनी मांडीवरून हात उचलून लोकांना नमस्कार केला, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले.